फाशी सुनावली जाते, मग दिली का जात नाही?

विचारलेला प्रश्न असा: “अतिशय निर्घृण गुन्ह्यांत फाशीच व्हायला हवी ना? आणि सुनावल्यावरही पंधरा-वीस वर्षं ती होत का नाही? वकील मुद्दाम रखडवतात का?”

‘फाशी परत आणा’ हा वाद ब्रिटनसारख्या देशात शोभतो. तिथे खुनासाठीची फाशी 1965 मध्ये थांबवली आणि 1969 मध्ये कायमची बंद केली. आपल्याकडे ती कधी गेलीच नव्हती. भारतीय न्याय संहितेत खुनासाठी कलम 103 आहे, बारा वर्षांखालील मुलीवरच्या बलात्कारासाठी कलम 65(2) आहे, आणि दोन्हींत फाशीची तरतूद आहे. त्यामुळे खरा प्रश्न तुमचा दुसरा आहे. वकिलांबद्दल म्हणाल तर ते अर्धंच खरं आहे. वेळ कुठे जातो ते बघायचं तर एकेक टप्पा बघावा लागेल.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली म्हणजे फाशी ‘झाली’ असं बातम्यांत वाटतं. कायद्याच्या दृष्टीने तो निम्मा निकाल असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम 407 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 366) सत्र न्यायाधीशाने सगळं प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवायचं असतं, आणि तिथे किमान दोन न्यायमूर्तींच्या सहीने शिक्षा कायम होईपर्यंत ती अमलात आणता येत नाही. आरोपीने अपील केलं नाही तरी हे चुकत नाही. इथे साक्षीपुरावा पहिल्या पानापासून पुन्हा तपासतात. मराठीत नोंदवलेल्या जबान्या, पंचनामे, उलटतपासण्या यांचं इंग्रजी भाषांतर करून पेपरबुक, म्हणजे न्यायमूर्तींसाठीचा कागदांचा संच, तयार व्हावं लागतं. भाषांतर अडलं की सुनावणी अडली.

त्याआधीही एक ठिकाण आहे जिथे घाई अंगाशी येते. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर वेगळं ऐकून घ्यावं लागतं आणि फाशीसाठी ‘विशेष कारणं’ लिहावी लागतात. ‘विरळातलं विरळ’ ही 1980 च्या बचन सिंग निकालातली कसोटी तिथेच लावतात. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज प्रकरणात आणखी स्पष्ट केलं: आरोपीची मानसिक तपासणी, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल हे सगळं न्यायाधीशासमोर असलं पाहिजे. सकाळी दोषी ठरवलं, दुपारी फाशी सुनावली, टाळ्या मिळाल्या, पण कागद अपुरे राहिले. असा निकाल वर टिकत नाही. नागपूरजवळच्या वाडीतल्या 2008 च्या बालिकेच्या खुनात फाशी सर्वोच्च न्यायालयात कायम झाली होती, राष्ट्रपतींनी दयेचा अर्जही फेटाळला होता. तरी ऑगस्ट 2025 मध्ये, मनोज निकालातली पद्धत पाळली गेली नव्हती म्हणून, ती शिक्षा बाजूला ठेवून शिक्षेचा मुद्दा नव्याने ऐकायला सांगितलं. सतरा वर्षांनी.

पुढे सर्वोच्च न्यायालयातलं अपील, मग त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा बघावा म्हणून पुनर्विचार याचिका. 2014 पासून फाशीच्या प्रकरणात ही याचिका तीन न्यायमूर्तींनी खुल्या न्यायालयात ऐकावी लागते. आधी ती दालनात कागदावरच निकाली निघायची. त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे त्याच न्यायालयाकडे चूक सुधारण्याची शेवटची विनंती, ती क्वचितच मान्य होते. मग दयेचा अर्ज. नव्या संहितेचं कलम 472 इथे मुदती घालतं: शिक्षा कायम झाल्याचं तुरुंग अधीक्षकाने कळवल्यापासून 30 दिवसांत अर्ज, राज्यपालांनी फेटाळला तर 60 दिवसांत राष्ट्रपतींकडे, राज्याचा अभिप्राय आणि कागद हाती आल्यावर केंद्राने 60 दिवसांत शिफारस करायची, आणि राष्ट्रपतींचा निर्णय 48 तासांत राज्याच्या गृह विभागाला व तुरुंगाला कळवायचा. नीट वाचा: राष्ट्रपतींनी किती दिवसांत ठरवायचं ते त्यात कुठेच नाही. 1 जुलै 2024 च्या आधी तर संहितेत एवढंही नव्हतं.

आता पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीवरच्या बलात्काराचं आणि खुनाचं प्रकरण घ्या. गुन्हा नोव्हेंबर 2007 मधला. सत्र न्यायालयाने मार्च 2012 मध्ये दोघांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कायम केली. म्हणजे ज्या टप्प्याला लोक शिव्या घालतात तो सहा महिन्यांत उरकला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे 2015. राज्यपालांनी दयेचा अर्ज मार्च 2016 मध्ये फेटाळला, राष्ट्रपतींनी मे 2017 मध्ये. इथून पुढे एकच काम उरलं होतं: सत्र न्यायालयाने तारीख घालून डेथ वॉरंट, म्हणजे फाशी अमलात आणण्याचा आदेश, काढायचं. ते निघालं एप्रिल 2019 मध्ये. ना अपील चालू, ना कुठली स्थगिती, आणि जवळपास दोन वर्षं कागद हललाच नाही. 24 जून 2019 ही तारीख ठरल्यावर दोघे उच्च न्यायालयात गेले आणि जुलैअखेर त्यांची फाशी रद्द होऊन 35 वर्षांची कैद झाली. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या शत्रुघ्न चौहान निकालापासून कायदा पक्का आहे: कैद्याच्या डोक्यावर सरकारने विनाकारण वर्षानुवर्षं दोर लटकत ठेवला, तर त्या विलंबावरच फाशी जन्मठेपेत बदलते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम ठेवला. हे वकिलांचं कसब म्हणता येणार नाही, त्यांना ही संधी सरकारी टेबलांनी हातात आणून दिली.

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींचंही तेच. 2001 मध्ये फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम. मग दयेच्या अर्जांचा प्रवास, राष्ट्रपतींचा नकार 2014 मध्ये. अर्ज निकाली काढण्यात 7 वर्षं 10 महिने 15 दिवसांचा विलंब झाला असं धरून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये जन्मठेप दिली. (गंमत म्हणा की खंत, विलंबाविरुद्धची ती याचिकाच 2014 पासून पडून होती.)

याच्या उलट कसाब. नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला, मे 2010 मध्ये शिक्षा, फेब्रुवारी 2011 मध्ये उच्च न्यायालय, ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालय, 5 नोव्हेंबरला राष्ट्रपतींचा नकार आणि 21 नोव्हेंबर 2012 ला येरवड्यात फाशी. मुख्य पायऱ्या त्याच होत्या. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज, यातली एकही गाळली नाही. फरक इतकाच की फाइल कुठल्याही टेबलावर झोपली नाही. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांतल्या चौघांनाही 1978 च्या निकालानंतर पाच वर्षांनी, नोव्हेंबर 1983 मध्ये, येरवड्यातच फाशी झाली होती.

दिल्लीच्या 2012 च्या निर्भया प्रकरणात आणखी एक गाठ होती. तिथल्या तुरुंग नियमांप्रमाणे एकाच गुन्ह्यातल्या एकाचा जरी अर्ज शिल्लक असेल तर सगळ्यांची फाशी थांबते. चौघांनी अर्ज एकापाठोपाठ एक टाकले, म्हणून 22 जानेवारी, 1 फेब्रुवारी, 3 मार्च अशा तीन तारखा हुकल्या आणि 20 मार्च 2020 ला पहाटे साडेपाचला शिक्षा अमलात आली. इथे वकिलांनी ताणलं हे खरंच. पण किती? पहिलं वॉरंट 7 जानेवारीचं, म्हणजे सगळं मिळून अडीच महिने. त्याआधी सर्वोच्च न्यायालयातलं अपील तीन वर्षांहून जास्त चाललं होतं, आणि 2017 चा निकाल लागल्यावर चौथ्याची पुनर्विचार याचिका फेटाळली गेली ती डिसेंबर 2019 मध्ये. कलम 472 ने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केलाय: सहआरोपींचे अर्ज 60 दिवसांत घ्यायचे आणि एकत्रच निकाली काढायचे.

‘मग या पायऱ्याच कमी करा’ असं बरेच जण म्हणतात. त्यांच्यासाठी नाशिक जिल्ह्यातलं जून 2003 चं प्रकरण. दरोडा, एकाच कुटुंबातले पाच खून, सामूहिक बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. म्हणजे तीन न्यायालयं झाली होती, ‘लगेच फाशी’च्या हिशोबाने 2010 पर्यंत सगळं संपलं असतं. मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांवर खटलाच भरला नव्हता. तो कागद पहिल्यापासून दप्तरात होता. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन निघाला. प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई मिळाली, तुरुंगात सोळा वर्षं काढल्यावर.

हा एखादाच अपवाद असेल असं वाटत असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा 2016 चा अहवाल बघा. 2000 ते 2013 या काळात खालच्या न्यायालयांनी दिलेल्या आणि वर निकाल लागलेल्या फाशींपैकी शेवटपर्यंत टिकल्या सुमारे 5 टक्के. जवळपास 30 टक्के लोक चक्क निर्दोष सुटले. म्हणून पायऱ्या काढायला माझा ठाम विरोध आहे. पायऱ्यांच्या मधली वर्षं काढा, त्याला कोण नाही म्हणेल?

फाशी हवीच का, याचं माझं उत्तर ‘नको’कडे झुकतं, आणि त्याला एक व्यवहारी कारणही आहे. ‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं’ हा गैरसमज आहे. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. चौदा वर्षं ही अशा गुन्ह्यांत शिक्षामाफीचा विचार सुरू होण्याआधीची किमान मुदत. शिवाय 2015 च्या घटनापीठाच्या निकालानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालय ‘30 वर्षं माफी नाही’ अशी शिक्षा देऊ शकतात. सत्र न्यायालय देऊ शकत नाही. खुनाच्या खटल्यात तिथल्या न्यायाधीशापुढे फाशी आणि साधी जन्मठेप एवढेच दोन पर्याय उरतात, आणि बाहेर जमलेली गर्दी त्यातला एकच मागत असते. ही मधली शिक्षा खालच्या न्यायालयालाही दिली, तर वर न टिकणाऱ्या कितीतरी फाशी मुळात सुनावल्याच जाणार नाहीत. त्याऐवजी आपण काय केलं? डिसेंबर 2021 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक मंजूर केलं, फाशीची कलमं वाढवली. तो कायदा काही झाला नाही.

तुम्ही एखाद्या पीडित कुटुंबाच्या बाजूने विचारत असाल तर हे लक्षात ठेवा. पुण्याच्या प्रकरणातल्या डिसेंबर 2024 च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की गृह विभागात दयेच्या अर्जांसाठी स्वतंत्र कक्ष हवा, शिक्षा अंतिम झाली की सत्र न्यायालयाने प्रकरण लगेच सुनावणीसाठी बोर्डावर घ्यायचं, आणि वॉरंटचा आदेश कैद्याला मिळाल्यापासून फाशीच्या तारखेपर्यंत पुरते 15 दिवस सोडायचे. तेव्हा सरकारी वकिलांना नुसतं ‘फाशी कधी?’ विचारू नका. दयेचा अर्ज दाखल झालाय का, कोणत्या तारखेला पुढे गेला, आणि आज फाइल मंत्रालयात आहे, दिल्लीत आहे की सत्र न्यायालयात, हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.