विचारा की! : व्हिएन्नाच्या गल्ल्या

प्रश्न : मी निपाणीची, वय ६२. मुलगा आणि सून व्हिएन्नात नोकरीला आहेत. पुढच्या महिन्यात दोन महिन्यांसाठी निघालेय. दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात. जर्मन येत नाही, इंग्रजी जेमतेम, गुडघे कुरकुरतात. मुलगा म्हणतो, "आई, एकटी जाऊ नको, चुकशील." त्याच्या पत्त्यातले १०७० आणि १५/२/८ हे आकडेही मला कळत नाहीत. एकटीनं फिरता येईल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : येईल की, ताई! मी बेळगावात ३४ वर्षं टपालाच्या सॉर्टिंगला काढली आणि निवृत्तीनंतर व्हिएन्नातच लेकीकडं तीन महिने राहून आलो. आकडे लिहून पाठवलेत ते बरं केलंत. भाषा राहू दे, आधी पत्ता वाचायला शिका.

१०७० हा पिनकोड. त्यातले मधले दोन आकडे बघायचे. ०७ म्हणजे सातवा विभाग. शहराचे असे २३ विभाग आहेत, पहिला अगदी मधोमध. रस्त्याच्या कोपऱ्यावर भिंतीला पाटी असते, तिच्यावर नावाच्या आधी विभागाचा आकडा असतो. ७ दिसला की आपण आपल्या भागात आलो. १५/२/८ म्हणजे १५ नंबरची इमारत, दुसरा जिना, ८ नंबरचं दार. मजला त्यात लिहिलेला नसतो, तो मुलाला विचारून ठेवा. जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर 'मेझानिन' नावाचा एक मजला असतो आणि पहिला मजला त्याच्यावर सुरू होतो. मी पहिल्याच दिवशी लेकीचं दार समजून खालच्या आजींची बेल वाजवली. आजी काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट वर केलं.

अजून एक, खास टपालवाल्याला आवडेल असं. शहराच्या मध्यातून बाहेर जाणाऱ्या रस्त्यांवर घरांचे नंबर मध्याकडून सुरू होतात. डावीकडं विषम, उजवीकडं सम. नंबर कमी होत चालले की आपण मध्याकडं निघालो, वाढत चालले की बाहेर. ही व्यवस्था १८६२ सालची. आपल्याकडं गणपत गल्लीत नवा पोस्टमन सहा महिने गोंधळायचा, म्हणून मला तिचं फार कौतुक. आणि तिथं नावाच्या शेवटी 'गासे' असतं, त्याचा अर्थच गल्ली. बेळगावकडच्या माणसाला ते वेगळं शिकवायला नको.

आता गाडी. मेट्रोला तिथं यू-बान म्हणतात. यू-१ लाल, यू-२ जांभळी, यू-३ केशरी, यू-४ हिरवी, यू-६ तपकिरी. फलाटावर शेवटच्या स्टेशनाचं नाव लिहिलेलं असतं, तेवढं ओळखता आलं की झालं. माझी आत्या चंदगडची. बेळगावच्या स्टँडवर बसची कन्नड पाटी तिला वाचता यायची नाही, पण अक्षरांचा आकार बघून ती बरोबर आपल्या बसमध्ये चढायची. तसंच करा. सातव्या विभागातल्या नॉयबाउगासे स्टेशनात यू-३ मिळते. झिमरिंगकडं जाणाऱ्या गाडीत बसलात की तिसरं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे मोठ्या चर्चचा चौक. परत येताना ओटाक्रिंगची गाडी. झिमरिंग आणि ओटाक्रिंग ही दोन नावं मुलाकडून कागदावर लिहून घेऊन पर्समध्ये ठेवा. स्टेशनांत लिफ्ट असतात, गुडघ्यांची काळजी नको.

तिकिटाचं नीट ऐका. स्टेशनात फाटक नसतं, कंडक्टर नसतो, कुणी अडवत नाही. कोरं कागदी तिकीट घेतलं तर ते छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. मी तिकीट घेतलं आणि इमानदारीत घडी घालून खिशात ठेवलं. साध्या कपड्यातल्या तपासनिसानं ते उलटून पालटून बघितलं आणि शंभर युरोंच्या वर दंड लावला. जन्मभर तिकिटांवर शिक्के मारले आणि नेमका तिथं विसरलो! तुम्ही दोन महिने राहणार, मुलाला सरळ महिन्याचा पास काढायला सांगा.

पहिले काही दिवस मात्र मेट्रोपेक्षा ट्रामनं फिरा, खिडकीतून शहर दिसतं. जुन्या शहराचा तट पाडायचा हुकूम सम्राटानं १८५७ साली दिला आणि त्या जागी रिंग नावाचा रुंद रस्ता झाला. आपल्या बेळगावच्या किल्ल्याचा खंदक बुजवून वर रस्ता केला असता तर कसं, तसं समजा. १, २, डी आणि ७१ या ट्राम त्या रस्त्यावरून जातात. एकच ट्राम आता पूर्ण फेरी मारत नाही, मध्ये बदलावी लागते. दार उघडलं नाही तर दारावरचं बटण दाबा. मी दोन मिनिटं दारापुढं नमस्कार केल्यासारखा उभा होतो.

७१ पुढं मोठ्या दफनभूमीला जाते. बेथोवेन, शूबर्ट हे मोठे संगीतकार तिथंच पुरलेले आहेत. कुणी वारला की तिथले लोक म्हणतात, "त्यानं ७१ धरली." आपल्याकडं एखाद्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या म्हणतात, त्याच जातीचं बोलणं. तुम्ही खुशाल धरा. झाडं भरपूर आहेत, बसायला बाकं आहेत.

रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं, गाड्या उजव्या बाजूनं चालतात. ही सवय मला शेवटपर्यंत लागली नाही, लेक दंडाला धरून मागं ओढायची.

प्रश्न : रविवारी तिथली दुकानं बंद असतात हे खरं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : खरं. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही उघडी असतात, पण तिथं ही गर्दी. नळाचं पाणी डोंगरातल्या झऱ्यांचं आहे, ते बिनधास्त प्या, बाटल्या विकत घेऊ नका. दूध मात्र शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत आणून ठेवा.