खणातल्या पक्ष्याचा रंग

अनेक आशीर्वाद.

संग्रहालयातल्या नमुन्यांवरून पिसांचे रंग मोजायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. शंभर वर्षांपूर्वीचा पक्षी आणि अलीकडचा पक्षी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवता येतात. रानात ही सोय कुठली? पण संग्रहालयाच्या खणातल्या नमुन्याचा रंग म्हणजे पक्ष्याचा हयातीतला रंग आणि मेल्यानंतर त्यात झालेले बदल, दोन्ही एकत्र. ते वेगळे करणं हेच तुझं खरं काम.

अमेरिकेत 2017 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जरूर वाच. तिथल्या कारखानदारीच्या पट्ट्यातल्या पाच जातींचे, 135 वर्षांतले हजाराहून अधिक नमुने त्यात तपासले. जुन्या पक्ष्यांची फिकट पोटं काजळीने काळवंडलेली होती. ही धूळ संग्रहालयातली कशावरून नाही? तर कारखान्यांपासून दूर पकडलेले त्याच काळातले नमुने स्वच्छ होते. शिवाय पक्षी दरवर्षी पिसं टाकतो, म्हणजे पिसांवरची काजळी त्या त्या वर्षाच्या हवेतलीच. अशी तुलना तुझ्याही आखणीत हवी.

सगळे रंग सारखे टिकत नाहीत. कॅरोटेनॉइड या रंगद्रव्यांचे पिवळे-लाल रंग उजेडाने आणि काळाने फिके होतात. मेलॅनिन या रंगद्रव्याचा काळा बराच टिकतो, तरी वर्षानुवर्षांत त्यावर तांबूस झाक चढते. म्हणून नर-मादी किंवा दोन प्रदेश ताडून पाहताना साधारण एकाच काळातले नमुने घे आणि नमुन्याचं वय विश्लेषणात धर. चोच, पाय, डोळ्याभोवतीची कातडी मात्र मोजूच नकोस. सुकल्यावर त्यांचा रंग उरत नाही; गोळा करणाऱ्याने नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिला असेल तोच घ्यायचा.

डोळ्यांवर विसंबू नकोस. पक्ष्यांना जांभळ्याच्या पलीकडचा अतिनील प्रकाश दिसतो, आपल्याला नाही. ब्लू टिट या युरोपातल्या छोट्या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळपास सारखेच वाटतात, पण डोक्यावरच्या निळ्या टोपीच्या अतिनील चमकेत फरक असतो, हे 1998 मध्ये कळलं. तेव्हा स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे पीस कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती परतवतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, 300 ते 700 नॅनोमीटरचा (अतिनीलापासून लालपर्यंतचा) पट्टा घे. पांढऱ्या प्रमाण-चकतीवर यंत्र अधूनमधून पुन्हा जुळवून घे. प्रोब (यंत्राचं पिसावर टेकवायचं टोक) उचलून, त्याच जागी पुन्हा टेकवून निदान तीन वाचनं घे. चमचमत्या पिसांत कोन जरा बदलला तरी रंग बदलतो, म्हणून कोन ठरलेलाच ठेव.

जुन्या कातड्यांना, म्हणजे जपून ठेवलेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांना, आर्सेनिक लावलेलं असतं, हातमोजे घालच. नमुना पायाला किंवा चोचीला धरून उचलू नकोस.

आधी चिठ्ठ्यांवरच्या तारखा, ठिकाणं आणि नर-मादी यांची यादी करून मला पाठव. कोणते नमुने वगळायचे ते त्यावरून ठरवू.