पार्च्युरिशनला घाबरू नकोस

अगं, पार्च्युरिशन म्हणजे प्रसूतीच. वॉर्डात कुणी हा शब्द बोलत नाही, पुस्तकात आणि पेपरात मात्र भेटतो. सध्या एवढंच पक्कं कर:

- अँटीपार्टम म्हणजे बाळंतपणाआधी, पोस्टपार्टम म्हणजे नंतर.
- ग्रॅव्हिडा म्हणजे किती वेळा दिवस गेले, पॅरा म्हणजे किती बाळंतपणं. नव्या मुली हमखास इथेच चुकतात. लवकर झालेला गर्भपात पॅरात धरायचा नाही, आणि जुळी झाली तरी पॅरा एकानेच वाढतो.

बाळ रडलं की सुटलो, असं समजू नकोस. वार (प्लॅसेंटा) पडेपर्यंत बाळंतपणाची तिसरी अवस्था चालूच असते; रक्तस्राव 500 मिलीवर गेला की लगेच सिस्टरांना हाक मार. जत-आटपाडीकडची पहिलटकरीण 'कळा' म्हणेल, केसपेपर घेताना तिच्याच शब्दांत विचार. पार्टोग्राफचं, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायच्या तक्त्याचं, नंतर बघू. जमेल तुला!