दुकानात मन लागत नाही

ही तक्रार इंदूरमध्ये समुपदेशन करताना मी घरच्या दुकानांच्या इतक्या वारसांकडून ऐकली आहे, की हल्ली आवडीनिवडीचं विचारतच नाही. दुकानात काय चालतं ते विचारते.

हा मुलगा सत्तावीस वर्षांचा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आजोबा येवल्याहून आले, आधी दुसऱ्याच्या गादीवर मुनीम, मग महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये स्वतःचं ठोक दुकान. नातू एमबीए. रविवारी संध्याकाळी छातीत धडधड.

"दुकानातला शेवटचा शब्द तुझा, असं कधी झालं?"

बराच वेळ गप्प. मग, "चहावाला मी बदलला, मॅडम."

हसला आणि लगेच डोळे पुसले. ठिणगी पडली होती बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागवाल्यांच्या बिलांवरून. 2023-24 पासून आयकराचा नियम असा, की सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे. मुदत उलटून मार्चअखेर थकले, तर तो खर्च त्या वर्षी वजा होत नाही. मुलगा म्हणे, उधारी आवरू. वडील म्हणत, गावचे दुकानदार तीन-तीन महिने देत नाहीत, आपण आणायचे कुठून? हिशेबात दोघेही बरोबर होते.

तीन पिढ्या कागदावर मांडल्याशिवाय मी पुढे जात नाही. माणसाची अडचण घराच्या पिढ्यांमधून समजून घेणारे मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांचा माझ्यावर पगडा आहे. काही सहकाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं, वाटो. वडिलांना बोलावून विचारलं, "तिजोरीची किल्ली तुमच्याकडे कधी आली?"

"वडिलांना अर्धांगवायू झाला त्या रात्री. आईनं उशाखालून काढून दिली."

"आणि माणूस धडधाकट असताना कारभार सोपवलेला?"

ते आठवत राहिले. बोलला मुलगा. "बाबा, तुमच्याकडे काही मागायचं म्हटलं, की वाटतं मी तुमच्या जाण्याची वाट बघतोय."

"मलाही तसंच ऐकू येतं रे," वडील म्हणाले.

या वाक्यावर आम्ही तिघंही थांबलो. न मागणाऱ्याला घरचे बेफिकीर म्हणतात, मागणाऱ्याला अधीर. मधल्या मध्ये मुलगा म्हणतो, मन लागत नाही. बहुतेकदा तो आळशी नसतो, त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून अशा घरांना मी सांगते: सगळं दुकान नको, एक कोपरा पूर्ण द्या. खरेदी, भाव, उधारीची मर्यादा, तोटासुद्धा त्याचा. ठरलेला पगार द्या, खिशातून काढून दिलेले पैसे नव्हेत. दिवाळीपर्यंत विचारायचं नाही. बघवत नसेल तर दुपारी घरी जेवायला जा. आणि मुलांनो, सोडायचंच असेल तर हे करून पाहिल्यावर सोडा, म्हणजे नेमकं काय सोडलं ते कळेल.

बुऱ्हाणपूरचा माल आता मुलगा बघतो. दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली, वडील चरफडले, पण बोलले नाहीत. धडधड थांबली आहे. दुकानात राहायचं की नाही, हे त्याचं अजून ठरायचंय.