'मस्त झालं'चं काय करायचं?

अरे,

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा, डाव संपवून रविवारी रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "दादा, सगळे म्हणाले मस्त झालं. पण मला माहितीये, नाही झालं. खरं कसं काढून घेऊ?" सोबत गूगल फॉर्म. १४ प्रश्न. 'कथानकाची गती : १ ते ५'.

तो फॉर्म आधी डिलीट कर.

तू आठवडाभर खपून नकाशे काढतोस, सगळे तुझ्याच घरी जमतात, मध्येच काकू पोहे आणून देतात. अशा घरी आमटी खारट झाली असं तोंडावर कोण म्हणेल? तुझे प्लेयर खोटारडे नाहीत, भिडस्त आहेत. चांगला वाढपी 'कशी झालीये?' विचारत नाही, पानाकडे बघतो. मत मागू नकोस, आठवण माग.

पुढच्या सेशनला बसल्याबसल्या 'मागच्या वेळी काय काय झालं?' एवढंच विचार आणि गप्प बस. रीकॅप तू करायचा नाही. (डीएमला, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याला, ती खाज असतेच, मलाही होती.) वही उघडी ठेव. जे दोघं-तिघं एकमेकांना तोडत सांगतात ते जिवंत आहे. जे कुणाच्याच तोंडी येत नाही ते गेलं, मग त्यावर तुझ्या दोन रात्री गेल्या असल्या तरी.

हे मला फार उशिरा कळलं. माझ्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे बरेच सेशन चालणाऱ्या गोष्टीत, सात सरदार घराण्यांचं कारस्थान होतं. दर सेशननंतर मी 'कसं वाटलं?' विचारायचो, 'भारी!' ऐकायचो आणि खूश होऊन घरी जायचो. पाचव्या महिन्यात एक नवा प्लेयर आला. मी पोचलो तेव्हा बाकीचे त्याला आतापर्यंतची गोष्ट सांगत होते. मी दाराशी चपला काढत ऐकत होतो. दहा मिनिटं नुसता नावाडी! पूल सोडून हे लोक नदीकडे वळले म्हणून मी जागच्या जागी रचलेला दारुडा नावाडी आणि त्याची शेळी. शेळीचा आवाजसुद्धा काढून दाखवला. सात घराण्यांवर एकच वाक्य : "बाकी काहीतरी राजकारण आहे, ते दादा सांगेल."

आणि एक मुलगा होता, दुसऱ्याची पाळी चालू असली की फाशांचा मनोरा रचायचा. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. पुढे 'ऑफिसचं काम वाढलंय' म्हणून तो यायचा थांबला. तो मनोरा हेच त्याचं म्हणणं होतं, हे मला आज कळतं. त्याला मी कधीच काही विचारलं नाही.

तरी सांगतो, ते कारस्थान चांगलंच होतं. तिसऱ्या घराण्यातल्या विधवेचा डाव आजही कुणाला उलगडायचा नाही. नावाड्याला मी तिचा हेर केला, तेव्हा कुठे प्लेयर तिच्या वाड्यापर्यंत पोचले. म्हणजे मी माघार घेतली नाही, वाट बदलली. असो.

आता तुझी लढाई. या खेळाच्या फिफ्थ एडिशनमध्ये एक राउंड (सगळ्यांची एकेक पाळी) म्हणजे गोष्टीतले ६ सेकंद. चार राउंड झाले म्हणतोस, म्हणजे २४ सेकंद. त्याला तुम्हाला पावणेदोन तास लागले! 'कॉम्बॅट आवडलं का?' विचारलंस तर 'हो' म्हणतील. त्यापेक्षा एकेकट्याला चहाच्या टपरीवर गाठून विचार, 'तुझी पाळी यायच्या आधी काय चाललं होतं?' सांगता आलं नाही तर तो मोबाइलमध्ये होता. पुन्हा तेच : मत नको, आठवण.

तू 'स्टार्स अँड विशेस'बद्दल विचारलंस. शेवटी प्रत्येकाने एक आवडलेली आणि एक पुढे हवी असलेली गोष्ट सांगायची. कर, मला आवडतं. पुढचं काही मागताना झालेल्याला नावं ठेवावी लागत नाहीत, म्हणून भिडस्त माणूसही बोलतो. पण 'रोलप्ले आवडला' असलं काही चालवून घेऊ नकोस. कुठला? कोण काय म्हणालं तेव्हा? आणि तुझ्याकडून उत्तर एकच, 'बरं.' 'अरे, ते मी मुद्दाम केलं होतं, कारण...' असं सुरू झालास की पुढच्या वेळी परत 'मस्त झालं'.

एक अपवाद. एखाद्या प्रसंगाने कुणाला त्रास होत असेल तर तिथे आठवणी-बिठवणी काढायच्या नाहीत. त्यासाठी जॉन स्टावरोपोलस यांचं एक्स-कार्ड आहे. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवायचं, कुणी हात लावला की तो भाग तिथेच सोडायचा. का म्हणून विचारायचं नाही.

रविवारी वहीत काय उतरलं त्याचा फोटो पाठव. आणि पुढच्या लढाईत ते गॉब्लिन राक्षस सहा नको रे, तीन घे.

दादा