चोर्ल्याच्या जंगलात पावसाळी मॅक्रो: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बेडूक-सापांचे मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून, फोटो काढायला येताय, तर मोठी टेलिलेन्स घरीच ठेवा. ९० ते १०५ मिमीची मॅक्रो लेन्स, फ्लॅश आणि मोठा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) पुरे. डिफ्यूझर हवाच, कारण बेडकाची कातडी ओली असते आणि उघडा फ्लॅश मारला की फोटोत पाठीवर पांढरे डाग उमटतात, ते नंतर काही केल्या जात नाहीत. सुरुवात अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २०० वर करा. फोकस डोळ्यावर.

एसी गाडीतून थेट बाहेर कॅमेरा काढलात की लेन्सच्या काचेवर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. शेवटचा अर्धा तास एसी बंद, बॅग मिटलेली.

जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घाला.

मलबार चापडा हा विषारी साप तासन्‌तास एकाच फांदीवर बसतो, म्हणून नवखा माणूस पुढे पुढे सरकत जातो. किमान एक मीटर लांब राहा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्यासाठी बनतं, चापड्यासाठी नाही. कुठल्याही फांदीवर हात टेकण्याआधी तिच्यावर टॉर्च मारा.

पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला पांढरा फेस दिसला तर ती उडत्या बेडकाची अंडी. पान वाकवू नका, पिल्लं खाली पाण्यातच पडायला हवीत. गाईड फोटोसाठी प्राणी उचलून ठेवू लागला तर स्पष्ट नको म्हणा. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका.