स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर जुना प्रिंटर चालत नाही? विंडोज फॉरमॅट मारू नका

"नवीन स्नॅपड्रॅगन लॅपटॉपवर सगळी जुनी सॉफ्टवेअरं चालतात, मग दुकानातला लेझर प्रिंटरच का घेत नाही" हे वाचलं आणि म्हटलं चला, आपल्यासारखं अजून कोणीतरी अडकलंय. स्नॅपड्रॅगन म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळा, आर्म जातीचा प्रोसेसर, खरी गोम तिथेच आहे.

प्रिंटरवाल्यांच्या हेल्पलाइनने (नाव घेत नाही) आमचं डोकं पार उठवलं. दरवेळी नवीन माणूस, प्रश्न तोच, "सर विंडोज ६४ बिट आहे ना? मग ६४ बिटवाला ड्रायव्हर टाका." अहो, सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये जाऊन बघा, सिस्टिम टाइपसमोर ६४ बिट ऑपरेटिंग सिस्टिम आणि त्याच ओळीत पुढे आर्म बेस्ड प्रोसेसर लिहिलेलं असतं, ते फोनवर वाचून दाखवलं तरी गाडी ६४ बिटच्या पुढे सरकेना. त्यांचा ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर चालवायला लागणारा प्रोग्राम) इंटेल-एएमडीचा ६४ बिट, आपल्याला पाहिजे आर्म६४चा, म्हणजे ६४ बिट आर्म प्रोसेसरसाठी बनवलेला. शेवटी त्यांनी फॉरमॅट मारायला लावलं, बिलिंगचा सेटअप, मराठी फॉन्ट सगळं पहिल्यापासून बसवलं, आणि एरर जशीच्या तशी!

सॉफ्टवेअरं चालतात कारण विंडोज ११ इंटेलवाल्या प्रोग्रामच्या सूचना चालता चालता आर्मसाठी बदलून देतं, विंडोजच्या २४एच२ व्हर्जनपासून त्या इम्युलेटरला प्रिझम म्हणतात. पण ड्रायव्हरला ही सोय नाही. तो एकतर आर्म६४चा हवा नाहीतर विंडोजमध्येच असायला हवा.

कोणी सांगेल जुन्या पीसीला जोडून प्रिंटर शेअर करा, तर नुसतं तेवढं करून बहुतेक वेळा भागत नाही, कारण लॅपटॉपही स्वतःचा ड्रायव्हर मागतो. हायपर-व्हीमध्ये (विंडोजच्या आत दुसरी विंडोज चालवायची सोय) इंटेलवाली विंडोज टाका म्हणणारेही भेटतील, तीही आर्मचीच लागते. मी सध्या पीडीएफ करून जुन्या पीसीवरून प्रिंट मारतो, कटकट आहे पण काम होतं. लिनक्स येत असेल तर रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर कप्स (लिनक्सचं प्रिंटिंग सॉफ्टवेअर) टाकून प्रिंटर त्याला जोडून बघा, रास्पबेरी पाय पण आर्मच आहे, पण ड्रायव्हर ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला) असेल तर त्याच्यासाठी कंपाइल करता येतो. अर्थात तुमच्या मॉडेलचं तुम्ही बघून घ्या, मी काही इंजिनियर नाही.

आणि नवीन प्रिंटर घेणारच असाल तर माझं स्पष्ट मत, मोप्रिया (प्रिंटिंगचं एक कॉमन स्टँडर्ड) सपोर्टवाला नेटवर्क प्रिंटर घ्या, त्याला कंपनीचा ड्रायव्हर लागत नाही. स्कॅनरचं मात्र दुकानातच स्वतःचा लॅपटॉप नेऊन चेक करा.